कंपवाताचा उंदीर आणि द्राक्षबागेची नोंदवही

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात फार्मसीची महाविद्यालयं भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्राणिगृह आहे. एम. फार्मच्या मुलांची प्रबंधाची वेळ आली की संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे प्रस्तावांचा गठ्ठा येऊन पडतो. त्यात एक प्रस्ताव हमखास असतो: अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा कंपवातविरोधी परिणाम तपासणे. वनस्पती तेवढी बदलते. कधी ब्राह्मी, कधी शेवगा, कधी मार्गदर्शकांच्या गावच्या बांधावरचं काहीतरी. बाकी मजकूर जुन्या प्रबंधातून उचललेला, कधी कधी जुन्या चुकांसकट. अशा एका समितीवर मी काही काळ बसलो आहे आणि पुढे जे म्हणणार आहे ते तिथे बसूनच सुचलेलं आहे.

प्रयोग असा. उंदराला हॅलोपेरिडॉल टोचायचं. हे मानसोपचारातलं जुनं औषध. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन जिथे जाऊन काम करतं त्या जागा ते अडवून धरतं. थोड्या वेळात उंदीर हालेनासा होतो. मग त्याचे पुढचे दोन पाय काही सेंटिमीटर उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. धडधाकट उंदीर क्षणात पाय खाली घेतो आणि कोपऱ्यात पळतो. हा घेत नाही. अर्धा उभा, अवघडलेला, मिशा तेवढ्या हलतायत, असा तो दांडीला धरून राहतो. आधी अर्क पाजलेला उंदीर पाय लवकर खाली घेतो का, एवढंच बघायचं. घेतले की निष्कर्ष तयार: कंपवातविरोधी गुण आढळला.

आता यात कंपवात कुठे आहे? कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. या उंदराच्या मेंदूतली एकही पेशी मेलेली नाही. दुसऱ्या दिवशी औषध उतरलं की तो पुन्हा पिंजऱ्यात इकडून तिकडे धावतो. अर्काने हॅलोपेरिडॉलचा असर थोडा कमी केला, इतकंच कळलं. आणि तेही कदाचित अर्कामुळे ते औषध शरीरातून लवकर बाहेर पडलं म्हणून. नवीन औषधं चाळून बघण्यासाठी एके काळी ही पद्धत उपयोगाची होती. आज तिच्यातून रुग्णाच्या पदरात काही पडत नाही. पडतो तो एक शोधनिबंध. उंदीर मात्र संपतात.

एवढं वाचून काही जण म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा. माझं म्हणणं ते नाही. कंपवाताच्या संशोधनात प्राण्याशिवाय भागलं नाही आणि पुढची काही वर्षं भागणारही नाही. पण प्राण्याचा जीव घ्यायचा तर त्यापोटी दोन अटी पाळायला हव्यात. विचारलेला प्रश्न प्राण्यालाच विचारण्याजोगा असावा, आणि त्याने उत्तर दिलं तर ते ऐकायची आपली तयारी असावी. पहिली अट आपण निष्काळजीपणाने मोडतो. दुसरी कशी मोडतो, ते निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाऊन बघता येतं.

प्राण्याने दिलेलं उत्तर किती मोलाचं असू शकतं, याची कथा आपल्याकडच्या सर्पगंधेपासून सुरू होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढण्यात आलं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं. ससे जागच्या जागी बसले, कान खाली पडले, हालचाल थांबली. मग त्यांनी त्याच सशांना डोपा हे द्रव्य दिलं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो, आणि ससे उठून फिरू लागले. साल १९५७. तोवर डोपामिन ही दुसरं काही बनवताना मधे लागणारी एक पायरी, इतकीच त्याची किंमत होती. तीन वर्षांनी व्हिएन्नात कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले तेव्हा त्यांत डोपामिन फारच कमी निघालं. १९६१ साली रुग्णांना डोपा टोचून पाहिलं, १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते देऊन दाखवलं. आज नाशिकच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी लेव्होडोपाची गोळी ती हीच. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. (डोपा हे खाजकुइलीच्या बियांमध्ये असतं, हे १९३७ सालीच भारतीय संशोधकांनी दाखवलं होतं. म्हणजे रोग्यासारखी स्थिती आणणारं द्रव्य आणि ती घालवणारं द्रव्य, दोन्ही आपल्याच रानात. पण ससा मधे आला नसता तर त्या दोघांची गाठ पडली नसती.)

सशाचा प्रयोग आणि वरचा हॅलोपेरिडॉलचा प्रयोग दिसायला सारखेच. प्राणी स्तब्ध करा, द्रव्य द्या, उठतो का बघा. फरक एवढाच की १९५७ साली तो प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

दुसरी कथा जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला वाटतं, प्राण्याची निवड या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी. १९७६ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यात रसायनशास्त्राच्या एका तरुण विद्यार्थ्याने घरीच एक अमली द्रव्य तयार करून टोचून घेतलं. घाईत रसायन बिघडलं होतं. काही दिवसांत तो कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णासारखा गोठला. डॉक्टरांनी त्याच्या घरच्या प्रयोगशाळेतलं द्रव्य आणून उंदरांना, म्हणजे मोठ्या रॅटना, टोचलं. रॅट थोडा वेळ जखडल्यासारखे झाले आणि पुन्हा ठीक झाले. धागा तिथेच सुटला. पुढे त्या तरुणाचा मृत्यू झाला, शवविच्छेदनात कंपवातात मरतात त्याच पेशी मेलेल्या आढळल्या, १९७९ साली त्यावर एक निबंध आला आणि तो फारसा कुणी वाचला नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुण तसेच गोठलेल्या अवस्थेत दवाखान्यात आले. विल्यम लँग्स्टन यांनी शोध घेतला आणि दोषी द्रव्य सापडलं: एमपीटीपी. ते माकडांना दिलं तेव्हा माकडांना हुबेहूब कंपवाताची लक्षणं आली. हाताची थरथर तेवढी सगळ्या जातींच्या माकडांत दिसली नाही, बाकी सगळं जुळलं.

रॅटच्या शरीरात या विषाची विल्हेवाट वेगळ्या तऱ्हेने लागते म्हणून तो बचावतो, छोट्या काळ्या जातीचा माऊस बऱ्यापैकी बळी पडतो, माकड आणि माणूस पूर्ण सापडतात. १९७६ साली हाताशी चुकीचा प्राणी होता, म्हणून सहा वर्षं गेली. आणि बरोबर प्राणी मिळाल्यावर? १९९० साली महलॉन डीलाँग यांच्या गटाने एमपीटीपी दिलेल्या माकडांच्या मेंदूतला एक छोटासा भाग निकामी केला, आणि जखडलेली माकडं हालचाल करू लागली. काही वर्षांतच फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद यांनी माणसाच्या मेंदूत त्याच जागी तार बसवून विजेचे ठोके द्यायला सुरुवात केली. आज मुंबई-पुण्यात काही लाख रुपये मोजून होणारी ती डीबीएस शस्त्रक्रिया. ज्याच्या घरी हे झालंय त्याला विचारा, हातातला चहाचा कप न सांडता तोंडापर्यंत जाणं म्हणजे काय असतं.

म्हणून हनुमानाचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, माकडाला हात लावणं पाप समजणाऱ्या माणसाशी बोलताना मी गुळमुळीत बोलत नाही. भारताने १९७८ पासून माकडांची निर्यात बंद केली, हे योग्यच केलं. हजारो माकडं परदेशी जात होती आणि त्यांचं तिकडे काय होतं हे कुणी विचारत नव्हतं. आपल्याकडे माकडावरचा प्रयोग करायचा तर संस्थेच्या समितीची सही पुरत नाही, केंद्राच्या समितीची परवानगी लागते. हेही बरोबर. पण डीबीएसच्या मागे माकडं आहेत आणि ती मेली आहेत. ज्याला ही शस्त्रक्रिया चालते त्याने ते मान्य करावं. मान्य करून पुन्हा म्हणावं की यापुढे नको, तर तो विचार आहे. न मान्य करता म्हटलं तर ते नुसतं पुण्य कमावणं झालं.

दुसऱ्या बाजूला आमच्या क्षेत्रातल्या लोकांचीही एक खोड आहे. प्राण्यात जमलं म्हणजे माणसात जमणार, असं गृहीत धरायचं. कंपवातात हे वारंवार तोंडावर आपटलं आहे. लक्षणं कमी करणारी औषधं प्राण्यांनी दिली. पेशी मरणं थांबवणारं औषध मात्र त्यांनी दाखवूनही हाती लागलं नाही. आयसराडिपिन हे रक्तदाबाचं औषध. माऊसच्या मेंदूतल्या या पेशींना ते वाचवतं असं २००७ साली दिसलं. मग ३३६ रुग्णांना तीन वर्षं देऊन पाहिलं. २०२० साली निकाल लागला: काही फरक नाही. मधुमेहाचं एक्झेनाटाइड प्राण्यांत चांगलं दिसलं, माणसांच्या छोट्या चाचणीत आशा वाटली, २०२५ साली मोठ्या चाचणीत शून्य. यादी लांबवता येईल.

असं का होतं, ते समजायला या मॉडेलांकडे, म्हणजे प्राण्यात मुद्दाम उभ्या केलेल्या रोगाच्या नकलांकडे, जवळून बघावं लागतं. १९६८ साली स्वीडनच्या उर्बान उंगरस्टेट यांनी रॅटच्या मेंदूत एकाच बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामिन नावाचं विष सुईने सोडलं. त्या बाजूच्या डोपामिनच्या पेशी मरतात, दुसऱ्या बाजूच्या राहतात. मग ठरावीक औषध टोचलं की रॅट एकाच दिशेला गोल गोल फिरतो. काचेच्या मोठ्या वाडग्यात तो ठेवतात, छातीभोवती पट्टा, पट्ट्याला तार, तारेच्या वरच्या टोकाला फेऱ्या मोजणारं यंत्र. किती फेऱ्या झाल्या यावरून किती पेशी मेल्या आणि औषध किती चाललं, याचा आकडा निघतो. फार कामाची पद्धत आहे, आजही सगळीकडे वापरतात. पण तिथे काही दिवसांत जे होतं ते माणसात वीस-वीस वर्षं चाललेलं असतं. माणसाचा हात थरथरायला लागतो तोवर त्या भागातल्या निदान निम्म्या पेशी गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी आधी वास येणं कमी झालेलं असतं, बद्धकोष्ठता असते, झोपेत माणूस हातपाय झाडत असतो आणि घरचे म्हणत असतात, स्वप्न पडलं असेल. सुईने टोचलेल्या रॅटला हा भूतकाळच नाही.

शिवाय उंदीर तो उंदीर. आपल्या मेंदूतल्या त्या भागाला काळा रंग असतो, न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. उंदरात तो जवळपास नसतोच. अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे रुग्णांच्या पेशींमध्ये साठतात. त्या प्रथिनात ५३व्या जागी एक घटक बदलला तर माणसाला कंपवात होतो, हे १९९७ साली एका इटालियन कुटुंबाच्या अभ्यासातून कळलं. गंमत अशी की उंदराच्या प्रथिनात त्या जागी जन्मतःच तोच घटक असतो आणि उंदीर मजेत जगतो. पार्किन नावाचं जनुक बिघडलं तर माणसाला तरुणपणी कंपवात होतो. ते जनुक काढून टाकलेल्या माऊसला फारसं काही होत नाही. मग २०१२ साली फिलाडेल्फियात प्रयोगशाळेत तयार केलेले त्याच प्रथिनाचे धागे साध्या माऊसच्या मेंदूत सोडले, आणि गोळे एका पेशीतून दुसरीत पसरत गेले. हे मॉडेल हळू चालतं आणि रोगाच्या जास्त जवळ जातं. पण महिनोन्महिने वाट बघावी लागते, म्हणून आमच्याकडच्या प्रबंधाला ते चालत नाही! प्रबंधाला घाई असते.

पेशींवर, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या ऊतींच्या छोट्या गोळ्यांवर, चिपवर सगळं करा, असं आता म्हटलं जातं. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात आणि भारताने मार्च २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत बदल करून अशा पद्धतींना दार उघडलं. चांगलं झालं. रुग्णाच्या कातडीच्या पेशीपासून बनवलेली चेतापेशी ही माणसाचीच असते, ५३व्या जागेची अडचण तिथे नाही. एखादं रसायन पेशीला मारतं का, हे बघायला आता उंदीर लागूच नये. हॅलोपेरिडॉलची दांडी तर उद्यापासून बंद केली तरी विज्ञानाचं काडीचं नुकसान नाही. पण ताटलीतली पेशी चालत नाही. ती अडखळत नाही, दारातून आत जाताना तिचा पाय जमिनीला चिकटत नाही. आतड्यातून मेंदूपर्यंत रोग चढतो का, हे बघायला आतडं आणि मेंदू एकाच देहात लागतात. तेवढ्यापुरता प्राणी राहील, आणि तेवढ्यापुरताच राहावा.

इथवर जे म्हटलं ते बहुतेक सुज्ञ माणसं कमीअधिक मान्य करतील. आता दुसऱ्या अटीकडे येतो.

एमपीटीपी शरीरात गेल्यावर ज्या रूपात पेशी मारतं, त्या रूपाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाच्या रचनेसारखी आहे. हे १९८० च्या दशकातच लक्षात आलं आणि शेतीतल्या विषांकडे संशोधकांची नजर वळली. २००० साली ग्रीनअमायर यांच्या गटाने रोटेनोन हे वनस्पतिजन्य कीटकनाशक रॅटच्या रक्तात आठवडेच्या आठवडे थोडं थोडं सोडलं. काही रॅटना कंपवातासारखी लक्षणं आली आणि पेशींत प्रथिनाचे गोळेही दिसले. त्याच वर्षी रॉचेस्टरमध्ये माऊसना पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक एकत्र दिलं. प्रत्येकाने एकट्याने जे नुकसान केलं त्याहून दोघांनी मिळून जास्त केलं.

मॅनेब हे नाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. त्याचं सख्खं भावंड मॅन्कोझेब मात्र नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक द्राक्षबागाईतदाराला पाठ आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि वातावरण ढगाळ झालं की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने दिवसाआड, कधी रोज, ब्लोअर चालतो. पिंपळगाव, ओझर, पालखेडच्या बाजूला त्या दिवसांत पहाटे गेलात तर ओळीओळींतून पांढरं धुकं उठताना दिसेल. ट्रॅक्टरवर बसलेल्याच्या तोंडाला रुमाल. टाकीजवळ पावडर कालवणाऱ्याच्या हातात काठी असते, आणि पुष्कळदा काठीही नसते, नुसता हात असतो. खालचं गवत जाळायला तणनाशक वेगळं.

उंदरांनी २००० साली जी शंका दाखवली तिचं कॅलिफोर्नियाने काय केलं? तिथल्या मध्य खोऱ्यात, फ्रेझ्नो, तुलारी, कर्न या परगण्यांत, द्राक्षं हे मोठं पीक. १९७४ पासून तिथे व्यापारी फवारणीची नोंद सरकारदरबारी होते: कुठल्या शेतात, कधी, काय, किती. बेआटे रिट्झ आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी आणि रुग्णांच्या घरांचे पत्ते जुळवून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की घरापासून ५०० मीटरच्या आत मॅनेब आणि पॅराक्वाट दोन्ही फवारलं गेलं असेल तर कंपवाताचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त. २०११ साली कॅरोलाइन टॅनर यांच्या पाहणीत पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळलेल्यांत धोका सुमारे अडीच पट दिसला.

वाद नाही असं मुळीच नाही. ती पाहणी ज्या मोठ्या शेतकरी गटातून केली होती, त्याच गटाचा २०२० साली पुन्हा हिशेब मांडला तेव्हा पॅराक्वाटचा असा सरसकट संबंध दिसला नाही. कंपन्या यावर बोट ठेवतात आणि ठेवूही द्यावं. पण युरोपात पॅराक्वाटची परवानगी गेली ती २००७ साली, स्वीडनच्या तक्रारीवरून, आणि न्यायालयाच्या आक्षेपांत एक हाही होता की परवानगी देताना कंपवाताशी असलेल्या संभाव्य संबंधाचा नीट विचारच झालेला नाही. इंग्लंडमध्येही ते वापरायला बंदी आहे. तयार करून बाहेर विकायला नाही. केरळने २०११ साली बंद केलं. महाराष्ट्रात दुकानातून उचलून आणता येतं. मॅन्कोझेबची परवानगी युरोपीय संघाने २०२० साली काढून घेतली, मुख्यतः इतर कारणांसाठी.

बंदी घाला, एवढं म्हणून मोकळं होणं मला सोपं आहे. मला खुरपायला बाई शोधावी लागत नाही. हंगामात मजुरी काय चढते आणि वेळेवर माणूस मिळत नाही तेव्हा काय होतं, हे बागाईतदाराला ठाऊक. डाऊनीने एका रात्रीत घड गेले तर बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे तणनाशकावर बंदी हवी का, याचं माझं उत्तर पॅराक्वाटपुरतं हो असं आहे. त्याला उतारा नाही, पोटात गेलं तर फुफ्फुसं जातात, एवढं कारणसुद्धा पुरेसं आहे. मॅन्कोझेबबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. पण बंदीचा वाद बाजूला ठेवूनही एक गोष्ट करता येते, आणि ती करायला जगात नाशिकसारखी जागा सापडणं कठीण आहे.

२०१० साली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात अडली, बागाईतदारांचं प्रचंड नुकसान झालं. त्यानंतर निर्यातीचा कारभार फार कडक झाला. बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत तिचा क्रमांक, कुठलं औषध कधी फवारलं याची नोंदवही, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, अंश मर्यादेत असेल तरच माल बाहेर. म्हणजे कॅलिफोर्नियाकडे जे १९७४ पासून आहे त्याची एक आवृत्ती आपल्याकडे अनेक वर्षं जमा होत आली आहे. फरक इतकाच की ती नोंद द्राक्ष खाणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. लंडनच्या पोरीच्या डब्यातल्या मण्यावर किती अंश उरला हे आपण दशलक्षातल्या भागापर्यंत मोजतो. ज्याने ते फवारलं त्याच्या अंगावर किती गेलं, याचा रकाना त्या वहीत नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा राज्य हादरलं. पण ते मरण लगेच दिसणारं होतं. वीस वर्षांनी थरथरणारा हात कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

जगात कंपवाताचे रुग्ण १९९० साली सुमारे २५ लाख होते, २०१६ साली ६१ लाख. माणसं जास्त जगू लागली हे मोठं कारण, पण तेवढ्याने सगळी वाढ भरून निघत नाही. या वाढीत फवारणीचा वाटा किती, हे उंदीर सांगू शकत नाही. त्याने सांगायचं ते सांगून झालं: असं होऊ शकतं. होतं का, हे सांगण्याची पाळी आपली आहे. ते न करता वीस-पंचवीस वर्षांनंतरही माऊसना पॅराक्वाट देत राहणं आणि तेच निष्कर्ष पुन्हा छापणं, याला मी संशोधन म्हणणार नाही. समितीपुढे असा प्रस्ताव आला तर विचारायचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: याआधीच्या उंदरांनी जे सांगितलं त्याचं पुढे काय केलं?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. त्याच रस्त्याने पुढे गेलं की बागा. नोंदवह्या तिथेच आहेत, माणसं तिथेच आहेत. बागाईतदार तपासायला मिळतील, त्यांचे फोन क्रमांकही नोंदणीत आहेत. अडचण मजुरांची आहे. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणीसाठी टोळ्या येतात त्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडून. हंगाम संपला की परत जातात, आणि कुठल्या बागेत किती दिवस होते हे कुठल्या सरकारी कागदावर नसतं. ते असतं मुकादमाच्या वहीत, कारण उचल आणि रोज यांचा हिशेब तिथे असतो. नावं, गावं, बागा, दिवस. अभ्यासाची सुरुवात तिथून व्हायला हवी आणि पन्नाशी ओलांडलेल्या, वीसेक हंगाम काढलेल्या लोकांपासून व्हायला हवी.

तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. बोटांची टपटप किती वेगाने होते, चालताना एक हात हलायचा थांबलाय का, झोपेत लाथा मारतो का हे बायकोला विचारायचं, आणि वासाची चाचणी. परदेशी चाचणीतले पिझ्झाचे वास सुरगाण्यात चालणार नाहीत. कांदा, कोथिंबीर, रॉकेल, मोहाची फुलं ठेवावी लागतील, आणि आपल्या माणसांवर ती चाचणी आधी बसवून घ्यावी लागेल. हे एक चांगलं, नेटकं, नवीन काम आहे. एम. फार्मच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एका मुकादमाच्या वहीतली माणसं तपासून होतील. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाचं मार्गदर्शन लागेल, माणसांवरच्या अभ्यासासाठी वेगळ्या नैतिकता समितीची परवानगी लागेल, आणि असा प्रबंध औषधशास्त्राचा धरायचा की नाही यावर विद्यापीठात एखादी बैठक लागेल. ती बैठक आधी घ्या. पुढच्या हंगामाची गोडी छाटणी लागली की टोळ्या येतीलच.